टेंपडीबीत बिलं ठेवताय? आधी सर्व्हिस एकदा बंद करून बघा

"एसक्यूएल सर्व्हरचं लायसन्स कशाला घेता? एक्स्प्रेस फुकट आहे, १० जीबीची तेवढी अट. टेंपररी टेबलाला ती लागत नाही. जादा डेटा तिकडं टाका, वेगही वाढतो, यूजर कितीही जोडा."

एसक्यूएल सर्व्हर म्हणजे मायक्रोसॉफ्टचं डेटा साठवायचं सॉफ्टवेअर, एक्स्प्रेस ही त्याची फुकटची आवृत्ती. हा मेसेज बेळगावातल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातल्या प्रत्येक ग्रुपवर फिरून झालाय. मी सोडून दिला होता. परवा निपाणीहून भाच्याचा फोन आला, "मामा, तंबाखूच्या वखारीचं सॉफ्टवेअर करायलोय. जुनी बिलं टेंपररी टेबलात टाकून देऊ काय?" मग मात्र डोकं फिरलं.

मेसेजमधलं अटीचं बोलणं खरं आहे, नाइलाजानं कबूल करतो. २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत १० जीबीची अट एकेका डेटाबेसच्या डेटा फाइलला आहे आणि टेंपडीबी, म्हणजे टेंपररी टेबलं जिथं राहतात तो सर्व्हरचा तात्पुरता डेटाबेस, त्यात धरला जात नाही. स्टॉकचा मोठा रिपोर्ट काढताना लागतील तेवढ्या ओळी टेंपररी टेबलात घेऊन त्यावर लवकर शोधता यावं म्हणून इंडेक्स घालणं मीही रोज करतो. पण परात कणीक मळायला असते, धान्य साठवायला कणगी लागते.

आता "जादा डेटा तिकडं टाका" हे बघू. हे लिहिणाऱ्यानं मायक्रोसॉफ्टचं टेंपडीबीचं पान उघडलेलंच नाही. तिथं सरळ लिहिलंय: सर्व्हर सुरू होईल तेव्हा दर वेळी टेंपडीबी नव्यानं तयार होतो, आणि त्याचा बॅकअप घेता येत नाही. म्हणजे दुपारी वीज गेली, यूपीएसनं मान टाकली, की जुनी बिलं गेली. तेवढीही वाट बघायला नको. नावाआधी एक हॅश (#) असलेलं टेंपररी टेबल कनेक्शन बंद झालं की जातं. दोन हॅशचं सगळ्यांना दिसतं खरं, पण ज्यानं केलं त्याचं कनेक्शन सुटलं आणि दुसरं कुणी ते वापरत नसलं, की तेही गेलं.

भाच्याला पटेना. त्याला म्हटलं, टेस्टच्या मशीनवर चाळीस खोटी बिलं टाक, सर्व्हिस बंद करून परत चालू कर, मग मोज. दोन मिनिटं फोनवर नुसता कीबोर्ड वाजत होता. मग म्हणाला, "मामा, टेबलच नाही म्हणतंय की ओ."

जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हिशेबाची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या शेवटच्या तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागतात. नोटीस आली तर व्यापारी मेसेज लिहिणाऱ्याला शोधत फिरणार नाही, भाच्याच्या दारात उभा राहील.

वेगाचं म्हणाल तर एक्स्प्रेसला बफरसाठी, म्हणजे वापरातला डेटा हाताशी धरून ठेवायला, मिळणारी मेमरी १४१० एमबी, तीही अख्ख्या इन्स्टन्सला, म्हणजे चालू सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसना मिळून. टेंपडीबी त्यातच वाटेकरी. तिकडं ढीग घातला तर मूळ टेबलं उपाशी राहतात. यूजरचा मुद्दा तर उगाच घुसडलाय, एक्स्प्रेसला यूजरमागे लायसन्स मुळातच लागत नाही.

आणि १० जीबी अपुरेच पडत असतील, तर मार्च संपला की जुन्या वर्षाचा वेगळा डेटाबेस करा. अट प्रत्येक डेटाबेसला आहे, त्यात चोरी नाही. २०२५ च्या आवृत्तीत तर एक्स्प्रेसची मर्यादा ५० जीबी झालीय.

शेवटी त्याचा डेटाबेस मागवून बघितला. आठ जीबीतले सहा जीबी म्हणजे वजनकाट्याच्या पावत्यांचे मोबाइलवर काढलेले फोटो, थेट टेबलात कोंबलेले. ते फोल्डरमध्ये हलवले, टेबलात नुसता फाइलचा पत्ता ठेवला, डेटाबेसची फाइल श्रिंक केली, म्हणजे आतली रिकामी जागा काढून टाकली. दोन जीबी उरले.