शपथ मोडली त्या रात्री

आमच्या गोव्यातल्या पेडण्याच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या एकच वाद पेटलाय: गावातला बार बंद करायचा की नाही. ग्रामसभेत ठराव येणार आहे. सिएटलमध्ये बसून मी सगळं वाचते आणि मला काका आठवतात.

काकांनी देवळात नारळ ठेवून दारू सोडली होती. सात महिने थेंब नाही. शिगम्याच्या रात्री कुणीतरी ग्लास पुढे केला, एक घोट गेला, आणि ‘शपथ मोडलीच आता’ म्हणत ते चार दिवस पीत राहिले. घरात कुणी त्यांच्याशी बोललं नाही. मीसुद्धा नाही.

ॲलन मार्लाट या मानसशास्त्रज्ञाने नेमकी हीच रात्र अभ्यासली होती, हे मला इथे आल्यावर कळलं. 1972 पासून ते इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात होते. 2011 मध्ये वारले. त्यांचं म्हणणं असं, की पाय घसरणं वेगळं आणि दरीत कोसळणं वेगळं. एका घोटानंतर ‘मी संपलो’ ही शरमच माणसाला पुढे ढकलते. म्हणून घसरल्यावर काय करायचं, ते आधीच शिकवायचं.

सिएटलमध्ये 75 बेघर मद्यपींना दारू सोडण्याची अट न घालता घरं दिली गेली. मार्लाट त्या अभ्यासातही होते. 2009 मध्ये निष्कर्ष आले: पिणं कमी झालं, सरकारी खर्चही घटला. इथे सगळं आलबेल आहे असं नाही, फेंटानिल या जहाल अमली पदार्थाने रस्त्यावर माणसं मरतात. पण ‘अजून पितोय’ म्हणून दार लावून घ्यायचं नाही, हे मला पटलं.

आणि हे परदेशातलंच आहे असंही नाही! आपल्याच गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने आरोग्य केंद्रांत याच वाटेचा एक प्रयोग केलाय. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी पिणाऱ्या पुरुषांना जास्तीत जास्त चार वेळा भेटायचं. तीन महिन्यांनी त्यांतले 36 टक्के धोकादायक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांत 26 टक्के. ग्रुपवर हे कुणालाच माहीत नव्हतं.

शाळेजवळचा बार हटवाच, माझा हात वर आहे. पण त्याच ठरावात आरोग्य केंद्रात असा समुपदेशक मागा.

परवा चुलतभावाने महिन्याभराने पुन्हा घेतली. काकी फोनवर रडत होती. मी म्हटलं, ‘ओरडू नको. सकाळी त्याला पेज वाढ, आणि आरोग्य केंद्रात असं बोलणारं कुणी आहे का, विचारून ये.’