डॉनकाठची माघार दोन ओळींत संपायला नको होती

इटलीच्या दुसऱ्या आल्पिनी (डोंगरी सैनिकांच्या) रेजिमेंटवरचा तुमचा लेख आवडला. १८७२ मध्ये कॅप्टन पेरुक्केत्तींच्या कल्पनेतून आल्पिनींच्या पहिल्या १५ कंपन्या उभ्या राहिल्या, हा भाग छानच जमलाय. पण दुसऱ्या महायुद्धातली रशियातली मोहीम तुम्ही दोन ओळींत आटोपलीत, ते मला मनापासून खटकलं.

या रेजिमेंटच्या तेव्हाच्या बटालियनांची नावंच बघा: बोर्गो सान दाल्माझ्झो, द्रोनेरो, सालुझ्झो. सगळी इटलीच्या कुनेओ भागातली गावं. ज्या खोऱ्यातला मुलगा, त्याच खोऱ्याच्या बटालियनीत भरती व्हायची. डोंगरात लढताना याचा मोठा फायदा; शेजारी शेजाऱ्याला सोडून पळत नाही. पण जानेवारी १९४३ मध्ये डॉन नदीवरून माघार सुरू झाली तेव्हा हीच पद्धत जिवावर उठली. ही रेजिमेंट जिच्यात होती ती कुनेएन्से डिव्हिजन बर्फातून दिवसेंदिवस चालत राहिली, रणगाड्यांसमोर खेचरं आणि हलक्या तोफा घेऊन. शेवटी रशियातल्या वालुयकी गावाजवळ उरलेसुरले सैनिक वेढले गेले. डिव्हिजनचे सेनापती बात्तिस्ती कैद झाले, ते १९५० मध्ये सुटले. बहुतेक जण परतलेच नाहीत, आणि एकेका छोट्या गावातून एकाच महिन्यात कितीतरी तरुण गेले. त्या आयांचा विचार केला की गलबलून येतं.

जाता जाता, मराठी वाचकांसाठी एक दुवा: १९४१ च्या केरेनच्या (पूर्व आफ्रिकेतल्या एरिट्रियातल्या) लढाईत इटलीकडून आल्पिनींची 'उओर्क अंबा' बटालियन होती आणि समोरच्या, ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या भारतीय फौजेत मराठा लाइट इन्फन्ट्रीही होती. त्यावरही लिहा ना, वाट पाहतो.