बुऱ्हाणपुरात स्वस्तात कसं उतरावं

बुऱ्हाणपूरला जायचं म्हणताय? उत्तम. नकाशावाले त्याला मध्य प्रदेशात दाखवतात, दाखवू द्या. फारुकी सुलतानांच्या वेळी खानदेशची राजधानी हीच, पुढे मोगलांचा खानदेश सुभाही इथूनच चालला, आणि आजही भुसावळहून गाडीत बसलं की सावदा, निंभोरा, रावेर करत केळीच्या बागा संपायच्या आत माणूस तिथे पोचतो. तेव्हा गाव आपलंच. आणि आपल्याच गावात जास्त पैसे मोजून राहायचं म्हणजे घराण्याला बट्टा.

म्हणून लालबागला स्टेशनाच्या बाजूला किंवा बाहेरच्या मोठ्या रस्त्यावर नवी हॉटेलं दिसली तर तिकडे ढुंकूनही बघू नका. तिथे धुतलेली चादर असते, नळाला पाणी असतं, दाराला कडी असते. असल्या गोष्टी जळगावातही मिळतात, त्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी कशाला यायचं? तुम्ही थेट शनवारा दरवाजातून आत शिरा. रिक्षावाला एका गल्लीच्या तोंडाशी थांबेल, पुढे गाडी जात नाही म्हणेल आणि हाताने काळोखात कुठेतरी दाखवेल. तो दाखवतो तिथे तुमचा लॉज आहे.

बुकिंग करताना फोटो नीट बघा, म्हणजे बघितल्याचं समाधान राहील. शाही किल्ला, तापीवरचा सूर्यास्त, जामा मशिदीचे मिनार, मावा जिलेबीची परात असं सगळं असेल. खोलीचा फोटो एकच, तोही उशीचा आणि अगदी जवळून. शंका काढत बसू नका. राजवाडा पाचशे पावलांवर असताना गादी किती इंच जाड आहे हे विचारणारा माणूस इतिहासाला लायक नाही.

आता भाव. कॉटचे साडेतीनशे सांगतील, तुम्ही तीनशेवर अडून बसा. पन्नास रुपयांसाठी पाऊण तास घासाघीस करा, 'बिल नको' असं मोठ्या मनाने म्हणा, आधार कार्डाची झेरॉक्स 'उद्या देतो' म्हणा. मॅनेजर शेवटी मान डोलावेल. हे पन्नास रुपये तो गरम पाण्याच्या बादलीत, टॉवेलच्या भाड्यात आणि मोबाइल चार्जिंगमध्ये कसे परत काढतो हे उद्या दुपारपर्यंत तुमच्या लक्षात येईल. आज रात्री मात्र तुम्ही जिंकलेले आहात, तो आनंद घ्या.

रजिस्टरमध्ये 'येण्याचे कारण' असा रकाना असतो. तिथे 'पर्यटन' लिहिताना जरा हात थरथरला तर समजू शकतो, कारण या गावाचं जुनं रजिस्टर फारसं उत्साहवर्धक नाही. अकबराचा मुलगा दानियाल इथे मुक्कामाला होता, इथेच गेला. जहांगीरचा खुसरो १६२२ मध्ये इथेच संपला, परवेझ १६२६ मध्ये. मुमताजमहल १६३१ मध्ये चौदाव्या बाळंतपणात गेली; तिला आधी तापीपलीकडे जैनाबादच्या बागेत ठेवलं आणि सहाएक महिन्यांनी आग्र्याला नेलं. पुरंदरचा तह करून शिवरायांकडून किल्ले घेणारे मिर्झाराजे जयसिंह दक्षिणेतून परत निघाले ते १६६७ मध्ये याच गावापर्यंत पोचले, पुढे नाही. एवढ्या मोठमोठ्या माणसांनी चेक-आउट केलं नाही, आणि तुम्ही बारा वाजता खोली सोडायला कुरकुर करता?

आपल्या माणसांचा इथला सगळ्यात यशस्वी मुक्काम म्हणजे १६८१ सालचा. संभाजी महाराजांच्या फौजेने बहादूरपुरा ही इथली श्रीमंत पेठ धुऊन काढली, भाड्याचा प्रश्नच आला नाही आणि जाताना सामान येतानापेक्षा जास्त होतं. तुमच्याकडून तेवढी अपेक्षा नाही. टॉवेल ते मोजून देतात आणि मोजून घेतात.

तर खोली. वाडा मुळात देखणा असणार. सागवानी खांब, वर नक्षी, कोनाडे, माळवदाचं छत. त्यात प्लायवुड ठोकून डॉरमेटरी केलेली असते. पार्टिशन नेमकं एका कोरीव खांबाच्या मधोमध आलेलं आहे, त्यामुळे खांबाचं अर्धं कमळ पलंग क्रमांक चारच्या उशाशी आणि उरलेलं अर्धं पलीकडे बाथरूममध्ये, साबणाच्या चिकट वडीखाली. चार नंबरवर झोपलात तर पलीकडचा माणूस किती तांबे घेतो हे पडल्या पडल्या मोजता येतं. कोनाड्यात पूर्वी समई असेल. आता तिथे एक्स्टेंशन बोर्ड आहे आणि त्याच्या एकुलत्या चालू पिनेला सात मोबाइल रांगेत आहेत.

यावर मॅनेजरला काही बोललात तर तो म्हणेल, "जुनी वास्तू आहे ना भो!" हे वाक्य पाठ करून ठेवा, कारण पुढचं सगळं संभाषण त्यातच आहे. पंखा हळू का? जुनी वास्तू. गादीखाली ढेकूण? जुनी वास्तू. कालच बसवलेला गीझर बंद? तीही वास्तूच जुनी. मी तर म्हणतो, त्याने एक रबरी शिक्काच करून घ्यावा.

आणि तक्रार करणारे तुम्ही पहिले नाही, याचं थोडं भान ठेवा. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो नोव्हेंबर १६१५ मध्ये बुऱ्हाणपुरात आला. कोतवालाने त्याला सन्मानाने सराईत, म्हणजे प्रवाशांच्या धर्मशाळेत, नेलं. बाहेरून दगडी दर्शनी भाग छान, आणि आत दिल्या चार खोल्या, ज्यांचं वर्णन साहेबाने विटांनी बांधलेल्या भट्ट्या असं करून ठेवलंय. आकाराने भट्टीएवढ्या आणि वरून भट्टीसारख्याच गोल. म्हणजे दर्शनी भागाचा फोटो टाकायचा आणि आत भट्टी द्यायची, हा धंदा चारशे वर्षांपूर्वी पूर्ण तयार होता, त्यात इंटरनेटने काही भर घातलेली नाही. रोने शहाणपणा करून स्वतःचे तंबू बरोबर आणले होते, तो तंबूत झोपला. तुम्ही तीनशे रुपयांत आलात, तुमच्याकडे फक्त ब्लँकेट आहे. ते नाकापर्यंत ओढू नका.

भिंतीवर 'मद्यपान सक्त मनाई आहे' अशी पाटी दिसेल. कोणाला हा नियम जाचक वाटतो. पण याच रो साहेबाने इथल्या शहजाद्याला, म्हणजे परवेझला, बाटल्यांची एक पेटी नजर केली, आणि शहजादा त्या बाटल्यांत असा रमला की आत बोलावून नीट बोलतो म्हणालेली भेट राहूनच गेली. पाटी अनुभवातून आलेली आहे. तिच्या शेजारची 'संडासात पाणी टाका' ही पाटी हिंदी, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत आहे. अनेक भाषांत लिहायची या गावाची रीत जुनीच; जामा मशिदीत सोळाव्या शतकात अरबीच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. फरक इतकाच की मशिदीतला लेख वाचायला लोक लांबून येतात, आणि ही पाटी मात्र तिन्ही भाषांतली मंडळी एकमताने वाचत नाहीत.

रात्री लवकर झोपायचा विचार असेल तर तो घरी करायचा. बुऱ्हाणपूर यंत्रमागांचं गाव आहे. भिंतीपलीकडे खटाक्-खटाक् सुरू असतं आणि पहिले दोन तास तुम्हाला वाटतं की आता थांबेल. मग वीज जाते. माग थांबतात, एकदम सुरेख शांतता पसरते, पण कूलरही थांबतो. मे महिन्यात तापीकाठी शांतता हवी की वारा, यातलं एकच मिळतं, आणि कुठलं ते वीज कंपनी ठरवते.

सोबतीला माणसंही असतात. डॉरमेटरीचं खरं सुख हेच. एक सुताच्या व्यापाऱ्याचा दिवाणजी, तो चार वाजता भजनाच्या अलार्मने उठतो आणि अलार्म तसाच ठेवून अंघोळीला जातो. एक कानात बोंडं घालून मोठ्याने अभ्यास करणारा परीक्षार्थी. आणि रावेरकडचे एक काका, जे रात्री अकराला फोनवर केळीचा भाव लावत असतात. इथल्या लिलावाच्या आकड्याकडे अर्धा रावेर-यावल डोळे लावून बसलेला असतो हे ऐकून माहीत असतं, पण तो आकडा तुमच्या उशापासून दोन फुटांवर, "अरे त्याले सांग, घड पाहून बोल!" अशा आवाजात ऐकण्याची मजा वेगळी. काकांना गप्प बसवू नका. सकाळी घरच्या शेंगदाण्याच्या चटणीची पुडी उघडतील तेव्हा तुम्हीच त्यांच्या शेजारी जाऊन बसणार आहात.

सकाळ म्हणजे पाणी. बारा कॉट, एक बाथरूम, आणि पाणी सहा ते सात. रांगेत उभं राहताना बादली हातातच ठेवा. बादलीची कड एका बाजूने तुटलेली आहे, ती बाजू अंगाकडे येऊ देऊ नका. कडीच्या जागी परकराची नाडी आहे, ती दोनदा गुंडाळून वर पायाने दार धरून ठेवा. हात, पाय आणि डोकं एकाच वेळी वापरावं लागतं अशी अंघोळ शहरात आता राहिली कुठे?

एवढं उरकून तुम्ही शाही किल्ल्यात जाल, तर तिथे गाइड पहिल्यांदा तुम्हाला हमामच दाखवेल. मुमताजसाठी गरम पाण्याची सोय, गार पाण्याची सोय, अत्तराची सोय, आणि वर छतभर चित्रं, अजून रंग टिकून असलेली. तिथे मान वर करून उभं असताना पाठीवर राहिलेला साबण खाजायला लागतो. गाइड असंही सांगेल की ताजमहाल खरं तर इथेच तापीकाठी व्हायचा होता, पण मातीत वाळवी निघाली म्हणून बेत रद्द झाला. ही गोष्ट इथे सगळे सांगतात. खरीखोटी ते सोडा, लॉजमधल्या माझ्या पलंगाचा पाय पाहिल्यापासून मी वाळवीबद्दल वाद घालत नाही.

कुंडी भंडाऱ्याला मात्र जाऊ नका. अगदी जायचंच असेल तर लॉज सोडल्यावर जा. अब्दुर्रहीम खानखानाच्या काळात, १६१५ च्या सुमारास, एका इराणी जाणकाराने सातपुड्याच्या उतारावरून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून गावाकडे वळवलं. शंभराहून जास्त कुंड्या, म्हणजे विहिरीसारखे उभे खड्डे, एका ओळीत खाली जोडलेले. पंप नाही, वीज नाही, नुसत्या उतारावर पाणी चालतं. लिफ्टने सुमारे ८० फूट खाली उतरलात की गुडघ्याला ते गार, नितळ पाणी लागतं आणि बाजूच्या भिंतीवर क्षाराचे पांढरे थर चमकताना दिसतात. चारशे वर्षांपूर्वीची सोय आजही वाहते आहे. हे पाहून लॉजवर परतलात आणि मॅनेजर 'जुनी वास्तू आहे, पाणी कसं चढणार' म्हणाला, तर तुमच्या तोंडून काहीतरी वावगं जाईल. आणि तुमची बॅग त्याच्याकडे आहे.

याच कारणासाठी बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमीही टाळलेली बरी. तिथला संगमरवर, बाग, झाडलेले रस्ते, सगळं बघून जुनी जागासुद्धा नीट ठेवता येते असा भलताच समज डोक्यात शिरतो. तो समज घेऊन पलंग क्रमांक चारवर झोप येत नाही.

बाकी खाण्याची चिंता नको. मावा जिलेबी गरम असताना खा, दराबा, तीही इथली मिठाईच, डब्यात भरून घ्या. या दोन्हींचं मिळून बिल होईल ते तुमच्या दोन रात्रींच्या भाड्याहून जास्त होईल, आणि तिथे तुम्ही घासाघीस करणार नाही. जिलेबीवाल्याला 'पन्नास कमी करा' म्हणायची आपल्याला लाज वाटते. झोपायच्या जागेबद्दल तशी लाज वाटायचं काही कारण नाही.

निघताना मॅनेजर मोबाइल पुढे करून म्हणेल, "भाऊ, पाच स्टार टाका ना." टाका. समोर उभा असतो, चहा पाजलेला असतो, वाईट कसं लिहायचं? 'लोकेशन छान, स्टाफ मनमिळाऊ, इतिहास जगल्याचा अनुभव' एवढं लिहा आणि कोनाड्याचा एक फोटो जोडा, एक्स्टेंशन बोर्ड येणार नाही अशा बेताने. तुम्हीही असाच कोणाचा तरी फोटो बघून आला होतात.

घरी आल्यावर साडूभाऊ विचारतीलच, मुलांच्या सुट्टीत त्यांनाही जायचं असतं. नंबर द्या, तीनशेच्या वर देऊ नका म्हणून बजावा, आणि चार नंबरचा पलंग मागून घ्यायला सांगा. खांबाजवळचा, नक्षीचा.