मशीन लावलं म्हणून शुगरच्या गोळ्या बंद करू नका

फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय, "घोरणाऱ्यांची शुगर झोपेतच वाढते, सीपॅप मशीन लावा, 3 महिन्यांत डायबेटीस गायब, गोळ्या बंद." (सीपॅप म्हणजे झोपेत मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन.) यातलं थोडं खरं आहे म्हणूनच लोकांना पटतंय, आणि मला काळजी त्याचीच वाटते.

झोपेत शुगर वाढू शकते हे खरंय. स्लीप अ‍ॅप्नियात घशातली वाट मिटते, 10 सेकंद किंवा जास्तच श्वास अडतो, ऑक्सिजन खाली येतो, मग शरीर घाबरून अ‍ॅड्रेनलिन, कॉर्टिसॉल सोडतं, त्याने लिव्हर रक्तात साखर ओततं आणि इन्सुलिनही नीट काम करत नाही. झोपणाऱ्याला सकाळी यातलं काही आठवत नाही, बाजूला झोपलेल्या माणसाला विचारा, घोरणं मधेच एकदम थांबतं आणि मग मोठा आचका देऊन श्वास येतो.

पण "घोरणाऱ्यांची" म्हणजे सगळ्यांची नाही हो! नुसतं घोरणं म्हणजे अ‍ॅप्निया नव्हे, स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास आणि ऑक्सिजन मोजणारी तपासणी करावी लागते, त्यात तासाला 5 पेक्षा कमी वेळा श्वास अडला तर नॉर्मल, 30 च्या वर गेला तर गंभीर. आणि फास्टिंग (सकाळची उपाशीपोटीची शुगर) वाढायला पहाटेचे हार्मोन, चुकलेला डोस अशी बाकीची कारणंही असतात.

आता "डायबेटीस गायब". 2016 मध्ये दोन ट्रायल्स छापून आल्या. एकीत शुगर बऱ्यापैकी कंट्रोलमधे असलेले पेशंट होते, सीपॅप लावून 6 महिन्यांनी एचबीए1सी (मागच्या 2-3 महिन्यांची सरासरी शुगर सांगणारा टक्क्यातला आकडा) मधे फरक नाही. दुसरीत कंट्रोल तेवढा चांगला नव्हता, तिथे साधारण 0.4 ने कमी झालं. म्हणजे 8.5 चं 8.1. चांगलंच आहे, पण याला बरं होणं म्हणत नाहीत आणि एवढ्यावर गोळी तर मुळीच सुटत नाही.

शिवाय बरेच जण रात्री दोन-तीनला मास्क काढून ठेवतात. स्वप्नं पडणारी झोप जास्त करून पहाटेकडेच असते आणि श्वास बऱ्याचदा तेव्हाच जास्त अडतो, म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी मशीन बाजूला पडलेलं.

मशीन लावाच, दिवसा गाडी चालवताना डुलकी येते ती थांबते, बीपीलाही थोडी मदत होते. पण ज्यांनी हे वाचून गोळ्या किंवा इन्सुलिन सोडलंय त्यांनी आजच शुगर तपासा आणि डॉक्टरांना फोन करा, डोस कमी करायचा की नाही ते रिपोर्ट बघून त्यांना ठरवू द्या.