टेपर प्रोग्रॅममध्ये मारून भागत नाही : रबाळ्याहून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. सीएनसी लेथचा चक, म्हणजे जॉब धरून फिरवणारा भाग, बदलण्यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही मुद्देसूद लिहिलंत, आभार. त्यात मी म्हटलं होतं : चक बदलताना टेलस्टॉक (जॉबचं दुसरं टोक सेंटरने, म्हणजे टोकदार आधाराने, धरणारा भाग) डायल इंडिकेटर लावून तपासा, आणि चक चेन ब्लॉकने उचला, खाली फळी ठेवा. तुमचं म्हणणं असं : चक बदलल्याने टेलस्टॉक हलत नाही, मग डायल लावण्यात वेळ का घालवायचा? टेपर, म्हणजे जॉबच्या दोन टोकांच्या व्यासात फरक, आलाच तर प्रोग्रॅममध्ये एक्स (व्यासाची दिशा) कमी-जास्त केला की जॉब पास होतो. आणि चेन ब्लॉक, लाकडी फळी हे सोपस्कार जॉबवर्कच्या गाळ्यात परवडत नाहीत, दोन पोरं चक उचलून ठेवतात.

पहिलं म्हणणं तत्त्वतः बरोबर आहे. टेलस्टॉक जुळवायचा तो स्पिंडलशी (चक फिरवणाऱ्या मुख्य दांड्याशी), चकशी नाही. पण आपण चक बदलतो कधी? काम बदललं की. कालपर्यंत फ्लँज चालले होते, आज लांब शाफ्ट आला. इतके दिवस मागे पडून असलेला टेलस्टॉक पुढे येतो, सेंटर दुसरं बसतं, क्विल (टेलस्टॉकमधली सरकती नळी) जास्त बाहेर काढावं लागतं. मधल्या काळात टरेटचा (टूल धरणाऱ्या डोक्याचा) धक्का लागला असेल तर नाइट शिफ्टवाला ते सांगेलच असं नाही. तपासायची वेळ हीच.

खरा मतभेद दुसऱ्या मुद्द्यावर आहे. समजा टेलस्टॉक टूलच्या बाजूला ०.०३ मिमी सरकलेला आहे. तुम्हाला शेवटच्या टोकाला व्यास ०.०६ ने कमी मिळतो. तुम्ही प्रोग्रॅममध्ये तेवढा सरळ उतार देता, दोन्ही टोकं मायक्रोमीटरवर बरोबर येतात. पण सडपातळ शाफ्ट एका टोकाला जॉमध्ये (चकच्या पकडीत) घट्ट धरलेला असतो. दुसरं टोक ओढलं गेलं की तो तिरका होत नाही, वाकतो. मधोमध त्याचं सरकणं ०.०१५ नसतं, साधारण ०.००९ असतं. तुमची दुरुस्ती मात्र तिथे ०.०१५ ची. म्हणजे मध्ये व्यास ११ मायक्रॉनच्या आसपास जाड राहतो. ४० मिमी व्यासाच्या एच६ (h6) फिटच्या शाफ्टला एकूण टॉलरन्सच १६ मायक्रॉन आहे. बेअरिंगची सीट नेमकी मध्ये असली तर? शिवाय जॉबची लांबी बदलली की उतार पुन्हा काढायचा, आणि वाकलेला जॉब फिरताना दर फेऱ्याला सेंटर होल घासत राहतो ते वेगळंच.

टेपर दिसला की दोष थेट टेलस्टॉकला देऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. मशीन वीसेक मिनिटं फिरवून गरम होऊ द्या. मग जाड बार चकमध्ये धरा, बाहेर शंभरेक मिमी ठेवा आणि टेलस्टॉक न लावता हलका फिनिश कट घ्या. इथेच टेपर आला तर भानगड हेडस्टॉकची (स्पिंडलच्या बाजूची) किंवा मशीनच्या लेव्हलची आहे, टेलस्टॉकला हात लावू नका. तुकडा सरळ आला तर सॉफ्ट जॉमध्ये (मशीनवरच कापून घेता येणाऱ्या मऊ जॉमध्ये) एक तुकडा धरून त्यावरच ६० अंशांचं टोक टर्न करा. जागेवरच टर्न केल्यामुळे ते स्पिंडलशी खरं फिरतं, पण टेस्ट मॅन्ड्रेल (तपासणीचा अचूक सरळ दांडा) उतरवेपर्यंत चक उघडायचा नाही. हे टोक आणि टेलस्टॉकचं सेंटर यांच्यामध्ये मॅन्ड्रेल घ्या, डायल टरेटवर लावा आणि तिचं टोक एक्सच्या दिशेने मॅन्ड्रेलला टेकवून झेडमध्ये (लांबीच्या दिशेने) चालवा. क्विल आत ठेवून एकदा, कामाला लागेल तेवढं बाहेर काढून एकदा. फरक दिसला तर बाजूच्या स्क्रूने सरकवा. क्लॅम्प आवळल्यावर रीडिंग पुन्हा घ्यायचंच, कारण आवळताना बॉडी थोडी ओढली जाते. उंचीचा फरक ०.०५ मिमी असला तरी ४० च्या व्यासात मायक्रॉनही बदलत नाही, त्यामुळे आधी लक्ष एक्सच्या दिशेकडे.

चक उचलण्याबद्दल मात्र मी तडजोड करणार नाही. दहा इंची पॉवर चक तीस किलोच्या पुढे जातो. अंगाला तेल आणि कुलंट लागलेलं असतं, धरायला कड नसते, आणि शेवटचा बोल्ट निघताच तो स्पिंडल नोजवरून (चक बसतो त्या टोकावरून) सुटतो. खाली बेड असतो आणि बेडवर एका पोराची बोटं. वागळे इस्टेट काय, महापे काय, असे हात ज्यांनी पाहिलेत त्यांना हे सोपस्कार वाटत नाहीत. आय बोल्ट, चेन ब्लॉक, खाली फळी, आणि स्पिंडल फिरवण्याआधी आय बोल्ट काढलाय याची खात्री. फळी असल्याचा आणखी एक फायदा : चक निवांत टेकवून नोजचा टेपर आणि फेस नीट पुसता येतात. चक या दोन्हींवर एकाच वेळी बसतो. एक बारीक बर (धातूची कुसळ) मध्ये राहिली तर रनआउट (फिरताना डगमग) येतो आणि अर्धा दिवस जॉ बोअर करण्यात जातो. वेळ वाचवायचा तर इथे वाचतो.

तुमच्याकडे लांब शाफ्ट नियमित चालतात असं तुम्ही लिहिलंय. पुढच्या लॉटला टेपर प्रोग्रॅममध्ये मारलेलाच असेल तर मायक्रोमीटर दोन टोकांबरोबर मध्येही लावा आणि तिन्ही आकडे, जॉबच्या लांबी-व्यासासकट, इथे लिहा. आपण ते एकत्र बघू.