'अनामिक' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर : कोबोल खरंच मेलंय का?

अनामिक साहेब, तुमची प्रतिक्रिया वाचली. जीसीसी (लिहिलेला कोड मशीनच्या भाषेत नेणारा फुकट कंपायलर) १५ मध्ये कोबोल ही बँकांची जुनी प्रोग्रामिंग भाषा आली, त्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुम्ही लिहिलंय की "मेलेल्या भाषेला पालखीत बसवलंय आणि लेखक पुढे नाचतोय, सीआयसीएस आणि डीबी२ शिवाय बँकेचं एक तरी काम होतं का, रस्ट अर्धवटच आहे, आणि सी२३ डिफॉल्ट झाल्याने जुना कोड मोडतोय त्यावर अवाक्षर नाही." (सीआयसीएस आणि डीबी२ म्हणजे आयबीएमची व्यवहार हाताळणारी यंत्रणा आणि डेटाबेस, रस्ट ही नवी भाषा, सी२३ हे सी भाषेचं नवं स्टँडर्ड.) मुद्दे मांडा ना, कोण नको म्हणतंय, पण 'नाचतोय' काय? टोपणनावाआडून बोलायला काय जातं म्हणा.

आता 'मेलेली'. मी ९८-९९ साली अंधेरीला सीप्झमध्ये वायटूकेच्या, म्हणजे २००० साल लागताना दोन आकडी वर्षामुळे होणारा घोटाळा टाळायच्या, कामावर होतो. पिक ९९ (कोबोलमध्ये दोन आकडी जागा) वाले दोन आकडी वर्षाचे फील्ड शोधायचे, ते चार आकडी करायचे, आणि एक फील्ड वाढलं की रेकॉर्डचा पुढचा सगळा लेआउट सरकायचा, मग ती फाइल वाचणारा प्रत्येक प्रोग्राम उघडा. तेव्हाही टीममधली नवीन पोरं म्हणायची, ही भाषा गेली आता. माझं डोंबिवलीचं घर ह्याच 'गेलेल्या' भाषेवर झालंय, त्यामुळे मेलं काय आणि जिवंत काय हे मला तरी शिकवू नका.

आणि एप्रिल २०२५ मध्ये जीसीसी १५.१ आलं त्यात नवीन काय हे लेखात लिहिलं होतं, वाचलं असतंत तर. आधी फुकटातलं कोबोल म्हणजे मुख्यतः ग्नूकोबोल, ते कोबोलचा सी कोड करतं आणि मग तो सी कंपायलरकडे देतं. १५.१ मध्ये आलेला जीकोबोल हा जीसीसीचा स्वतःचा फ्रंट-एंड (भाषा वाचणारा पुढचा भाग), मधे सी नाहीच, सी-फोरट्रानला जो ऑप्टिमायझर (कोड वेगवान करणारा भाग) मिळतो तोच ह्यालाही. १५ मधली ती पहिलीच आवृत्ती, कच्ची असणारच.

सी२३ बद्दल दोन ओळी जास्त हव्या होत्या, एवढं मान्य. फंक्शनच्या रिकाम्या कंसाचा अर्थ आता 'आर्ग्युमेंट नाहीत' असा झालाय आणि बूल (खरं-खोटं ठेवणारा टाइप) हा कीवर्ड, म्हणजे भाषेचा राखीव शब्द, झालाय, म्हणून बूल हे नाव स्वतःच टाइपडेफने ठरवलेला जुना कोड अडतो. मेकफाइलमध्ये (कंपाइल करायच्या सूचनांची फाइल) स्टँडर्ड जीएनयू१७, म्हणजे आधीचं डिफॉल्ट, द्या, मिटलं. त्यासाठी एवढा थयथयाट?

रस्ट प्रायोगिक आहे हे जीसीसीवाले स्वतःच सांगतात. सीआयसीएसचं म्हणाल तर तो कंपायलरचा विषयच नाही, सोडा.

पुढची प्रतिक्रिया नावानिशी टाका, नाहीतर अप्रूव्ह करणार नाही.