कार्लाइलचा १९०७ चा हंगाम : एका आक्षेपाला उत्तर

कार्लाइल या अमेरिकेतल्या शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं मी कौतुक केलं होतं. त्यावर तुमच्या प्रतिक्रियेतला मुख्य आक्षेप असा, की फॉरवर्ड पास, म्हणजे चेंडू हाताने पुढच्या साथीदाराकडे फेकणं, खऱ्या अर्थाने आणला तो १ नोव्हेंबर १९१३ ला आर्मीला (लष्करी अकादमीच्या संघाला) ३५-१३ हरवणाऱ्या नोटर डेम विद्यापीठाने. कार्लाइलचं १९०७ चं कौतुक उगाच. शिवाय प्रिन्स्टनने त्यांना १६-० असं धुतलंच होतं.

पहिला मान तर दोघांचाही नाही. पहिला कायदेशीर पास सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने सप्टेंबर १९०६ मध्ये टाकला. मुद्दा आहे तो पास हे रोजचं हत्यार कोणी केलं याचा, आणि त्यासाठी दोन्ही वर्षांचे नियम शेजारी ठेवून बघायला हवेत.

१९०७ मध्ये चेंडू दहा यार्ड पुढे न्यायला तीनच डाऊन, म्हणजे तीनच प्रयत्न, मिळत. पास टाकणाऱ्याला चेंडू जिथून खेळात आला त्या जागेपासून डावी-उजवीकडे किमान पाच यार्ड सरकावं लागे. पंचांना ते दिसावं म्हणून मैदानावर उभ्या रेषाही मारत, त्यामुळे मैदान बुद्धिबळाच्या पटासारखं दिसे. कोणाचाही हात न लागता पास जमिनीवर पडला, तर पहिल्या-दुसऱ्या डाऊनला १५ यार्डांचा दंड, तिसऱ्याला चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याकडे. गोलरेषेपलीकडे पास झेलून टचडाऊन (चेंडू गोलरेषेपार नेऊन गुण मिळवणं) करायची सोयच नव्हती. चेंडूही आजच्यापेक्षा गुबगुबीत, बोटांत नीट न बसणारा. १९१३ च्या नोटर डेमच्या डोराय-रॉक्नी जोडीला (पास टाकणारा डोराय, झेलणारा रॉक्नी) मात्र चार डाऊन होते, गोलरेषेमागे पास झेलायला दहा यार्डांचा पट्टा होता आणि मधे पासच्या लांबीवर आलेली २० यार्डांची मर्यादाही उठली होती. डोरायचे १७ पैकी १४ पास पोचले, असा आकडा सगळीकडे सांगतात. तो मोठाच आहे. पण २६ ऑक्टोबर १९०७ ला कार्लाइलने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्ध १६ पैकी ८ पूर्ण केले, ते त्या जाचक नियमांत. निकाल २६-६. पेनसिल्व्हेनिया त्या अख्ख्या हंगामात तेवढी एकच मॅच हरलं, म्हणजे प्रतिस्पर्धी लेचापेचा नव्हता.

शिकागो विद्यापीठाविरुद्धची २३ नोव्हेंबरची मॅच तर मुळातूनच पाहावी. कार्लाइल १८, शिकागो ४. तेव्हा फील्ड गोलला (चेंडू लाथेने गोलखांबांमधून मारण्याला) चार गुण, टचडाऊनला पाच आणि नंतरच्या किकला एक. कार्लाइलच्या पीट हॉसरचे तीन फील्ड गोल म्हणजे १२, उरलेले सहा एका टचडाऊनचे. झेल घ्यायला धावणाऱ्याला चेंडू यायच्या आधीच आडवं पाडायला मोकळीक होती आणि शिकागोचे बचावपटू कार्लाइलच्या अल्बर्ट एक्सेंडाइनला दर वेळी तसंच अडवत होते. म्हणून एकदा तो सरळ सीमारेषेबाहेर गेला, शिकागोच्या बाकामागून धावत वीसेक यार्ड पुढे पुन्हा मैदानात शिरला. हॉसरने तोवर चेंडू धरून ठेवला होता. मग लांब पास, आणि टचडाऊन. बाहेर जाऊन परत येऊ नये असा नियमच नव्हता. शिकागोचा प्रशिक्षक स्टॅग स्वतः नियम समितीवर होता, ही त्यातली गंमत.

प्रिन्स्टनचं म्हणाल तर पराभव झाला, आणि दणकून झाला. न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर त्या दिवशी पाऊस होता. ओला, जड चेंडू हातातून निसटतो आणि अपुऱ्या पासला १५ यार्डांचा दंड म्हटल्यावर पासवर उभा असलेला संघच आधी अडकतो. हे प्रिन्स्टनचं श्रेय कमी करायला सांगत नाही, खेळपद्धतीची मर्यादा म्हणून सांगतोय. पुढच्याच आठवड्यात याच संघाने हार्वर्डला २३-१५ हरवलं. हार्वर्डवर कार्लाइलचा तो पहिला विजय.

‘कार्लाइल हे कॉलेजच नव्हतं’ हे तुमचं म्हणणं मात्र बिनतोड. १८७९ मध्ये रिचर्ड प्रॅटने पेनसिल्व्हेनियातल्या जुन्या लष्करी बराकींत काढलेली ती मूळनिवासी मुलांची निवासी औद्योगिक शाळा. केस कापायचे, मातृभाषा बोलायची नाही, असा तिथला कारभार. पदवी मिळत नसे. पण तिचं वेळापत्रक कॉलेजांचंच होतं आणि हंगामाचा हिशेब दहा विजय, एक पराभव असा आहे.